लोंबीचा चाकू

भिसेगाव, कर्जत
५ डिसेंबर

नवीन,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवर केलंस, फेसबुकवर तर आपण मायलेक कधी नव्हतोच. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सरकारनं अजून काढलेली नाही, म्हणून हे पत्र. नाशिकचा पत्ता तुझ्या एका मित्राकडून काढला. कोणत्या ते सांगत नाही, नाहीतर त्याच्याशीही बोलणं टाकशील.

इकडे सगळं ठीक आहे. पत्रात हे वाक्य आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

तुझी तब्येत कशी आहे? विचारायचं कारण, शेजारच्या सुरेखाला तू गेल्या शनिवारी खालापूर फाट्यावर दिसलास. ती खोपोलीहून टेंपोत पुढं बसून येत होती. म्हणाली, "वनिताताई, तुमचा नवीन नाशकाला असतो ना? मग जीपमधी मागं कसा? चारपाच पोरं होती बरोबर. मी हात केला तर मान फिरवली. आणि तोंड काय पिवळं पडलंय हो! कावीळबिवीळ झाली काय?"

मी म्हटलं, "सुरेखा, तुला चष्मा लागलाय."

"लागलाच हाय की. म्हणून तर दिसला."

तर कावीळ असेल तर तेलकट खाऊ नकोस, उसाचा रस घे, रक्त तपासून घे. आणि नसेल, म्हणजे तू शनिवारी खालापुरात नव्हतासच, तर तेवढंच एका ओळीत कळव. सुरेखाचा चष्मा बदलून देईन, माझ्या खर्चानं.

दुसरं एक विचारायचं आहे. अगदी सहज.

बाबांच्या दवाखान्याचं कपाट तुला माहीतच आहे. बाबांच्या मागे होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या गेल्या आणि त्या छोट्या छोट्या खणांत माझे घडीचे चाकू आले. "बाबांच्या गोळ्यांनी कोणी मेलं नाही, आता आईनं सोय केली," हा तुझा विनोद मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात वापरला होता आणि त्यावरून तू आठवडाभर जेवला नव्हतास. ते असो. प्रत्येक चाकूखाली मी एक कार्ड ठेवते, हा कोणत्या समारंभात वाटला, कोणी वाटला, कोणाच्या खिशातून माझ्याकडे आला. बँकेच्या शाखेचं उद्घाटन, खोकल्याच्या औषधाची जाहिरात, घाटातल्या रेल्वे कामगारांचं अधिवेशन. माणसं काय काय साजरं करतात आणि त्याची आठवण म्हणून दुसऱ्याच्या हातात पातं देतात, याचं मला अजून हसू येतं.

तिसऱ्या खणात कडावच्या भातगिरणीचा चाकू होता. काळी मूठ, मुठीवर पितळेची भाताची लोंबी. आता तिथं फक्त कार्ड आहे.

भाऊबीजेच्या दुपारी तू आलास. दोन वर्षांनी आलास, बूट न काढता बसलास. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले तेव्हा तू कपाटापाशी उभा होतास. त्यानंतर मी ते कपाट उघडलं नव्हतं. काल उघडलं.

का उघडलं ते विचारू नकोस. घेतला असशील तर घेतलास, आईचीच वस्तू आहे. फक्त तो आत्ता तुझ्याजवळ आहे ना, एवढं कळव.

पत्र वाचलंस की फाड. जाळलंस तर उत्तम.

आई

भिसेगाव
११ डिसेंबर

नवीन,

उत्तर नाही. पोस्ट सावकाश असते, हे मी दिवसातून तीनदा स्वतःला सांगते.

मागच्या पत्रात मी काही गोष्टी वगळल्या. तुला त्या माहीत नसतील तर बरंच. माहीत असतील तर मग मला काय लिहावं ते कळत नाही.

मनोजशेठला कोणीतरी भोसकलं. खालापूरच्या त्याच्या त्या 'निसर्गकुंज' नावाच्या प्लॉटांच्या माळावर, जिथं निसर्ग जेसीबीनं कधीच उचलून नेला आणि कुंज अजून यायचं आहे. सुरेखाला तू दिसलास त्याच शनिवारी, संध्याकाळी. तो पनवेलला दवाखान्यात आहे, शुद्धीवर नाही. हल्ला करणारा चाकू तिथंच टाकून पळाला.

तू त्याच्याकडे दीड वर्ष काम केलंस. एकच प्लॉट त्यानं दोघांना विकला आणि साक्षीदार म्हणून तुझी सही पुढं केली. त्यावर तू खालापूरच्या चौकात त्याची कॉलर धरून "तुला बघून घेईन" म्हणालास. हे मी ऐकीव सांगते, पण ज्यांनी ऐकलं ते सगळे जिवंत आहेत आणि चहाच्या टपरीवर रोज बसतात.

४ तारखेला दुपारी विलास हवालदार आला. कडावचाच आहे, बाबांकडे लहानपणी औषधाला यायचा. फाटक वाजलं तेव्हाच मी उठून खिडकीशी गेले. आता तर फाटक वाजलं नाही तरी जाते.

"काकी, घाबरू नका. तुमच्यावर काय नाय. साहेब बोलले, कर्जतात ती चाकूची बाई हाय, तिला इचारून ये. हा कुठला चाकू, कोनाकोनाकडं असंल, एवढंच सांगा."

फोन पुढं केला. प्लास्टिकच्या पिशवीत चाकू. पातं कागदात गुंडाळलेलं. मूठ दिसत होती. काळी. पितळेची लोंबी.

या चाकूंचा इतिहास मी कोणी न विचारता तासभर सांगते, पाहुणे उठून जातात. आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारायला आलं आणि या वेळी मीच उठले. पाणी आणते म्हणून आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले, पाणी न घेताच परत आले.

"भातगिरणीचा असावा," म्हटलं. "रौप्यमहोत्सवाला सभासदांना वाटले होते. खूप होते. आता कुठं कुठं गेले असतील, देव जाणे."

"तुमच्याकडं हाय काय असला?"

"नाही."

"कधी व्हता?"

"नाही."

दुसरं "नाही" त्यानं मागितलंही नसतं तर मी दिलं असतं, इतकं ते तोंडाशी येऊन बसलं होतं. तो गेल्यावर मी कपाटाकडे गेले. खण ओढायच्या आधीच मला माहीत होतं, असं आता वाटतं. हात लावला तेव्हा खण हलका लागला.

नवीन, मी तुला काही विचारत नाही. सुरेखा म्हणते जीप होती, चारपाच पोरं होती, तुझा हात शालीच्या आत होता. हे शालीचं तिनं दुसऱ्यांदा सांगताना घातलं, पहिल्यांदा नव्हतं. पुढच्या वेळी कदाचित शालीवर डागही येईल. तिला मी सांगितलं आहे की तो नवीन नव्हता, नवीनसारखा कोणीतरी होता. ती म्हणाली, "मी कुनाला बोलत नाय." याचा अर्थ भिसेगावात आता फक्त नगरसेवकाला कळायचं राहिलंय.

ज्या मनोजशेठला मी सदरात चार वेळा सोलून काढला, त्याच्या आयुष्यासाठी काल देवाला नारळ बोलले. मी! तूच काय ते हस.

आई

भिसेगाव
१५ डिसेंबर

नवीन,

काल कडावला जाऊन आले.

माझा विचार असा होता, की ते चाकू कितीजणांकडे होते आणि कोणाकडे उरलेत हे शोधून काढलं, तर विलास हवालदाराला दहाबारा नावं देता येतील. दहाबारा दारं ठोठावेपर्यंत तुझ्याकडून पत्र येईल. वर्षानुवर्षं मी चाकूंचा इतिहास शोधते, पण इतक्या घाईनं आणि इतक्या वाईट हेतूनं कधी शोधला नव्हता.

आबाजी गिरणीत तोलाईला होते. आता ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तोलतात. मला बघून म्हणाले, "आली काय गं चाकूवाली? मागच्या खेपेला नेलास तो पुरला नाय काय?"

मागच्या खेपेला नेला तोच तो. तिसऱ्या खणातला. त्यांच्या चुलत्याच्या नावावरचा. मी हसले. हसताना माझ्या तोंडाचं काय झालं माहीत नाही, पण चंद्राबाई आतून पाणी घेऊन आल्या आणि आधी बस म्हणाल्या.

आबाजींनी इतिहास सांगितला. संचालकांचं ठरलं होतं स्टीलचे पेले द्यायचं. "तर अध्यक्ष बोलला, पेला घरात ऱ्हातो, तो बायको वापरते. मतदार वापरतो खिसा. खिशात ऱ्हाईल असं कायतरी द्या." म्हणून चाकू. पाती मुंबईहून आली, लोंब्या खोपोलीला ओतून घेतल्या. पंचवीस वर्षं झाली म्हणून चाकू वाटले आणि सव्विसाव्या वर्षी गिरणीच कापली गेली.

"आता कोणाकोणाकडे असतील?"

"कुनाकडं नाय. एक नदीत गेला, एक बैलाच्या नालवाल्यानं नेला, अध्यक्षाच्या घरी दोनचार पडलं असतील, त्याचा जावई हल्ली प्लाटाच्या धंद्यात हाय, घर काय उघडं नसतं. आनि एक हिच्या कणगीत."

चंद्राबाईंनी भाताच्या कणगीत हात घातला आणि चाकू काढला. मी हात पुढं केला तर त्यांनी तो जमिनीवर ठेवला. "हातात नाय देत बाय. भांडान व्हतं." मी तो जमिनीवरून उचलला.

बघितलं आणि जीव हळहळला. टोकाशी पातं काळं पडलेलं, अर्धचंद्रासारखा डाग, पोलाद खाल्लेलं. मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?"

"लिंबू," आबाजी म्हणाले. "नवऱ्याला हळद लागली का हातात हाच. टोकाला लिंबू खुपसायचं. मांडवात हार पडंपर्यंत सोडायचा नाय, झोपताना बी नाय. गावात कट्यार हाय की, पन कट्यारीवर लोंबी कुठाय? लोंबी शकुनाची. अर्ध्या कडावची लग्नं ह्याच चाकवानं लागली."

एरवी मी हे टिपून घेतलं असतं. पुढच्या शनिवारचं सदर झालं असतं, 'भातगिरणी बुडाली पण संसार तगले' अशा मथळ्याखाली. काल मला फक्त तो चाकू हवा होता. कशासाठी, ते इथं लिहीत नाही. म्हटलं, "आबाजी, आठवडाभर द्याल का मला?"

"लगीनसराईत? नाय बाय. पुढल्या रविवारी वाडीतल्या वाघ्याच्या नातवाची हळद हाय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय गं, तुझ्या पोराचंच लगीन निघालं काय? तसं असंल तर सांग. मंग देतो. पोराच्या लग्नाला नाय म्हनत नाय मी."

मी म्हटलं, "त्याचं लग्न निघालं की पहिली पत्रिका तुम्हाला."

परत येताना टमटममध्ये एक विचार सारखा वर येत होता आणि मी तो सारखा खाली दाबत होते. अध्यक्षाच्या घरचे दोनचार सोडले, तर कडावात उरलेला चाकू कणगीत आहे. दुसरा माझ्याकडे होता. मग पिशवीतला कोणता?

उत्तर लिही. पाकिटात नुसता कोरा कागद घालून पाठवलास तरी तुझं अक्षर पाकिटावर दिसेल.

आई

भिसेगाव
१८ डिसेंबर

नवीन,

विलास पुन्हा आला होता. पहिल्या वेळी मी 'काकी' होते. या वेळी 'मॅडम' झाले. पोलिसाच्या तोंडी नातं बदललं की समजावं.

काखेत साप्ताहिकाचा जुना अंक. तीन वर्षांपूर्वीचा. 'अडकित्ता' माझं सदर, वर माझा फोटो, खाली चाकूचा. काळी मूठ, पितळेची लोंबी, उघडलेलं पातं आरशासारखं. आणि मजकूर माझाच, माझ्याच ठसक्यात: "तालुक्यात हा चाकू जपलेली मी एकटीच आहे, हे सांगायला मला अभिमान वाटतो आणि थोडी लाजही."

मी विचारलं, "हा अंक तू अजून ठेवलास?"

"ठेवला म्हंजे, मॅडम, ह्याच अंकात तुमी आमच्या बदल्यांवर लिवलं व्हतं. 'पोट पुढं, तपास मागं.' सगळ्या ठाण्यानं वाचलं. माझ्या बायकोनं बी वाचलं. मी कपाटात ठेवलाय तो."

इतकी वर्षं मला वाटायचं की माझं लिखाण रसिक जपून ठेवतात. ज्यांना ओरबाडलं ते ठेवतात.

तो चिडला नव्हता, नवीन. तेच वाईट होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि मी त्याच्याशी खोटं बोलले याचं त्याला वाईट वाटलं होतं. म्हणाला, "सोमवारी चाकू घेऊन ठाण्यात या. नसंल तर कुठं गेला ते सांगाया या. आनि दिवाळीपासून घरी कोन कोन येऊन गेलं, ते बी." मग उठता उठता, "नवीन कुठं असतो हल्ली?"

"नाशकाला."

"हिकडं येत नाय?"

"नाही."

"आमाला कोनतरी बोललं..." एवढं म्हणून त्यानं वाक्य सोडून दिलं आणि चपला घातल्या. ते वाक्य तेव्हापासून माझ्या घरातच आहे. मी स्वयंपाकाला उभी राहिले की तेही येऊन उभं राहतं.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. आबाजींचा चाकू माझा म्हणून दाखवावा असं मनात होतं, त्यासाठीच मागितला होता. पण त्याचं टोक काळं आणि छापलेलं टोक लखलखीत. शिवाय तो कणगीतून निघत नाही. म्हणून सोमवारी मी सांगणार आहे की चाकू मीच हरवला. ठाकुरवाडीच्या हॉल्टवर गेले होते, घाटाचा फोटो काढताना पिशवी कलंडली, दरीत गेला. गोष्टी रचणं हाच माझा धंदा. पण ही गोष्ट आरशासमोर म्हणून पाहिली तर आरशातली बाईच म्हणाली, "असं का!"

तरी मी तेच सांगणार. घरी कोणी आलं नाही, असंही सांगणार.

तू मला एकच शब्द पाठव. 'नाही'. मी दुसरं काही विचारणार नाही. का घेतलास, कुठं गेलास, जीप कोणाची, काही नाही. आणि 'नाही' लिहिता येत नसेल, तर काहीच लिहू नकोस, तसाच इकडे ये. आपण दोघं बसून ठरवू. फाटकाला मी कडी लावत नाही हल्ली.

मला फार भीती वाटते, नवीन. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, आता ठेवते. पोलिसांची वाटत नाही. उद्या कोणी तुझं नाव घेतलं, तर माझ्या तोंडावर आश्चर्य दिसणार नाही, याची वाटते. मी तुला वाढवलं, आणि मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही की तू हे केलं नाहीस. तू दोन वर्षं बोलला नाहीस. दोन वर्षांत माणूस कुठल्या कुठं जातो.

आई

भिसेगाव
२२ डिसेंबर

नवीन,

हे पत्र समिधा मोठ्यानं वाचेल आणि तू भांडी घासता घासता ऐकशील, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नळ जरा बारीक कर.

काल सकाळी फाटक वाजलं. मला वाटलं, सोमवार एक दिवस आधीच आला. दार उघडलं तर एक मुलगी. हातभर हिरवा चुडा, मेंदी फिकी पडलेली, पायात मोजे आणि मोज्यांच्या आत नवी जोडवी असल्यानं ती जराशी लंगडत होती. म्हणाली, "मी समिधा. वावोशीची. मी नवीनची..." आणि पुढचा शब्द तिला सापडेना. मग तिनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हातात देऊ नये म्हणतात."

मी रुमाल सोडला. खरं सांगते, मी तिच्याकडे बघितलंच नाही, आधी चाकूकडे बघितलं. पातं उघडलं. टोकाशी काळा अर्धचंद्र. ताजा, कडा अजून निळसर. आणि पातं मुठीत जिथं फिरतं तिथं सांध्यात पिवळी भुकटी साचलेली. नखानं काढली, वास घेतला.

हळद.

सगळ्या तालुक्याला टोमणे मारणारी बाई मी. पिवळं तोंड, जीपमध्ये पोरं, शालीखाली हात. कडावच्या ओसरीत बसून आबाजींनी जवळजवळ पत्रिकाच वाचून दाखवली. आणि मला कावीळ सुचली, खून सुचला, लग्न सुचलं नाही. मी खुर्चीवर बसले आणि मला जे काही आलं ते हसू होतं की काय होतं ते समिधालाच विचार, तिनं पाणी आणलं. फिल्टर कुठं आहे हेही तिनंच शोधलं.

ती म्हणाली, "शनिवारी खालापूरला माझ्या मामांच्या अंगणात हळद लागली. तिथून जीपनं वावोशीला नेलं. संध्याकाळभर मांडवातच होता, दोनशे माणसांनी बघितलाय. तुमची पत्रं आली ती लग्नानंतर. मी वाचली. तो म्हणाला, वाचू नकोस. पण मी मोठ्यानं वाचते, त्याला ऐकू येतं. चौथं पत्र काल संध्याकाळी आलं. ते ऐकून तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. पहाटेच निघालो."

"मला का नाही बोलावलं?" हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

तिनं तुला सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, चांगली मुलगी आहे. पण तिला खोटं बोलता येत नाही, हे आपल्या घरात नवीनच. म्हणाली, "तो म्हणाला, आई येईल, छान जेवेल, सगळ्यांशी गोड बोलेल आणि पुढच्या शनिवारी माझ्या वडिलांचं भाषण पेपरात येईल. माझे वडील मांडवात भाषण करतात हो. लांबच लांब. त्यांना सवय आहे."

 वडील मांडवात भाषण करतात हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता. तुझी शप्पथ.

"आणि चाकू?"

"मामा म्हणाले, नवरदेवाच्या हातात लोखंड पाहिजे. कट्यार आणायला माणूस पाठवत होते. यानं खिशातून हा काढला. दिवाळीपासून खिशातच होता. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाला, घरचं कोणीतरी पाहिजे ना मांडवात."

नवीन, या वाक्याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून आहे तसं ठेवते.

मी विचारलं, "आणि तो कुठाय?"

"स्टेशनवर. बाकावर बसलाय. म्हणाला, तू आधी जा." मग जरा घाबरत, "पोलिसांना तो घाबरत नाहीये. तुम्हाला घाबरतोय."

इतके दिवस मी तुझ्यासाठी मरत होते, आणि तू स्टेशनच्या बाकावर बसून मला घाबरत होतास.

घरात आलेल्या सुनेला माप ओलांडायला लावतात. ती तर केव्हाच ओलांडून आत बसली होती, पाणीही तिनंच पाजलं. मी तिच्या ओंजळीत तांदूळ घातले, कर्जतचेच, आणि साडीच्या घडीऐवजी बाबांच्या कपाटातली गोळ्यांची एक रिकामी बाटली दिली, कारण दुसरं काही हाताला लागेना. तिनं घेतली. काही विचारलं नाही.

मी तिच्याबरोबर पादचारी पुलापर्यंत आले होते. हे तिनं तुला सांगितलं नसेल, मी सांगू नकोस म्हटलं होतं. वरून तू दिसलास. निळं स्वेटर, हातात वडापावचा कागद, कागदाची घडी घालतोस, उलगडतोस. मला पायऱ्या उतरता आल्या असत्या. पण तोंड उघडल्यावर त्यातून काय बाहेर पडेल याची आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली, म्हणून कठड्याला धरून तिथंच उभी राहिले. तुमची गाडी हलल्यावर घरी आले.

आज सोमवार. ठाण्यात गेले. चाकू टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. ठाकुरवाडीची दरी सांगायची वेळच आली नाही. विलासनं पातं उघडलं, टोक बघितलं, सांधा बघितला. कडावचा माणूस, त्याला वास घ्यावा लागला नाही.

"काकी," तो म्हणाला, पुन्हा काकी, "हे तर लगीनाचं पातं. आनि आमी पन तुमाला काय छळलं! त्या शेठचाच भागीदार सापडला परवा. गिरणीच्या अध्यक्षाचा जावई. कबूल बी झाला. सासऱ्याच्या घरातला चाकू उचलला व्हता त्यानं. तुमाला फोन करायचं ऱ्हाऊन गेलं."

राहून गेलं! मी त्याला काही म्हटलं नाही. याची नोंद घे.

मग तो म्हणाला, "पन पोराचं लगीन झालं नि आमाला जेवान नाय?" मी म्हटलं, "मलाही नाही." त्यानं चहा मागवला.

मनोजशेठ शुद्धीवर आला आहे. पहिलं वाक्य प्लॉटच्या बुकिंगबद्दल होतं असं कळतं. नारळ फोडावाच लागेल.

संपादकाचा फोन आला होता. शनिवारचा मजकूर मागत होता. म्हटलं, विषय नाही. तो म्हणाला, ताई, तुम्हाला विषय नाही? मी फोन ठेवला.

चाकू या पाकिटात नाही, घाबरू नकोस. पोस्टानं पातं पाठवत नाहीत, आणि एकानं दुसऱ्याला द्यायचंही नसतं. ठाण्यातून परत आणून तो मी टेबलावर ठेवला आहे, समिधानं ठेवला होता त्याच जागी, त्याच रुमालावर. डाग पुसलेला नाही. ज्याचा आहे त्यानं येऊन उचलावा. तोपर्यंत मी त्या टेबलावर जेवत नाही, ओट्यापाशी उभ्यानं जेवते. काही त्रास नाही.

तिसऱ्या खणातलं जुनं कार्ड काढलं आणि नवं लिहून ठेवलं. तुझा चरित्रकार म्हणून नाही, कपाटाची नोंद असावी म्हणून:

'भातगिरणी, कडाव. रौप्यमहोत्सव. काळी मूठ, पितळी लोंबी. टोकाला लिंबाचा डाग. वापरात.'

आई